जिप्सीचं थरथरतं स्टेअरिंग : कामाच्या नोंदी

२० ऑक्टोबर, रविवार

कणकुंबीहून परत येताना बाबांनी माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाले, "ताक घुसळूलालास काय रे?" म्हणजे आता हे नुसतं मला वाटत नाही, शेजारच्या सीटवरूनही दिसतंय. वही काढली.

गाडी : १९९७ची मारुती जिप्सी किंग, १३०० सीसी, कार्ब्युरेटरवाली, केए-२२ (बेळगाव) पासिंग. मी तिसरा मालक. पुढं-मागं अख्खे एक्सल, चारी चाकांना पाटे, पॉवर स्टेअरिंग नाही. आधीच्या कुणीतरी हातानं फिरवायचे हब-लॉक (पुढच्या चाकाचा मध्य, म्हणजे हब, एक्सलला जोडायचे-सोडायचे खटके) बसवलेत. टायर २०५/७० आर १५. जूनमध्ये एकदा गावाकडचा ओढा ओलांडला होता, हब पाण्यात गेले होते. त्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत जांबोटीच्या अलीकडं शेडमध्ये एकाच जागी उभी.

दुखणं : ताशी ६५ला थरथर सुरू होते, ७०ला जोरात, ८०च्या पुढं बरीच कमी. शिवाय किणयेजवळ डावं चाक खड्ड्यात गेलं तेव्हा स्टेअरिंगनं एकदम दोन्ही बाजूंना झटके द्यायला सुरुवात केली. वेग तिशीवर आणला तेव्हाच थांबलं. झटके सुरू झाले तेव्हा वेग पन्नासच्या आसपास होता.

२२ ऑक्टोबर

सल्ले फुकट मिळतात, म्हणून सगळे लिहून ठेवतोय. शेजारी : अलाइनमेंट. मेहुणा : विकून टाका. कारखान्यातला लेथवाला : व्हील बेअरिंग. मामा (माझे सख्खे नव्हेत, गल्लीतल्या सगळ्यांचेच, पस्तीस वर्षं जीपगाड्याच उघडतायत) : "डॅम्पर टाक की. समद्या जिप्स्यांचं हेच दुखणं. विषय संपला."

मामांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायची सवय आहे. जुना स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके जिरवणारी तेलाची नळी) काढून हातानं दाबला तर पहिली दोन बोटं रिकामाच जात होता, तेलाचा ओघळही होता. म्हणजे तो मेलेला होताच. नवा बसवला, अर्ध्या तासाचं काम.

२४ ऑक्टोबर

किणयेच्या त्याच खड्ड्यातून मुद्दाम डावं चाक घातलं. झटके नाहीत. सत्तरची थरथर मात्र जशीच्या तशी. मामांना फोन केला. "मग आता बॅलन्सिंग करून घे," म्हणाले. म्हणजे विषय संपला नव्हता.

२७ ऑक्टोबर, रविवार

बॅलन्सिंगला नेण्याआधी चाकं काढून आतून बघितली, ते बरं झालं. पुढच्या डाव्या रिमच्या आतल्या बाजूला लाल मातीचा पापुद्रा, विटेसारखा वाळलेला. आणि गंमत म्हणजे मागच्या वेळच्या दुकानदारानं चिकटवायचे वेट चक्क त्या मातीवरच चिकटवलेले! माती निघाली की वेटही निघणार. खरवडून बायकोच्या केकच्या काट्यावर टाकली : ८५ ग्रॅम. काटा धुऊन ठेवला, तरी बोलणी बसलीच.

जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जो गाडी चालवतो त्यानं पावसाळ्यानंतर रिम आतून धुवावी, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि पाईप हातात घेणं यात फरक आहे.

संध्याकाळी दुसऱ्या दुकानात चारी चाकं बॅलन्स केली. मशीनवर सगळीकडं शून्य. काकती ते होनगा हायवेवर चालवली : थरथर निम्म्यानं कमी, पण ६८ ते ७४मध्ये आहेच.

२९ ऑक्टोबर

रात्री जेवणानंतर थोडा हिशोब.

२०५/७० आर १५चा व्यास : १५ इंच म्हणजे ३८१ मिलीमीटर, त्यात दोन्हीकडची साइडवॉल १४३.५ + १४३.५. एकूण ६६८. परीघ साधारण २.१ मीटर. ताशी ७०ला गाडी सेकंदाला १९.४ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला सव्वानऊ वेळा फिरतं. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलला फिरवणारा दांडा) त्याच्या साधारण चौपट, म्हणजे ३५च्या पुढं.

सेकंदाला नऊ झटके हाताला वेगवेगळे कळतात, स्टेअरिंग डावी-उजवीकडं हललेलं दिसतं. पस्तीस झटके मोजता येत नाहीत, ते मुंग्या आल्यासारखे लागतात, बहुतेक वेळा सीटला आणि फरशीला. माझं स्टेअरिंग हललेलं दिसतंय. तेव्हा शाफ्ट तूर्त बाजूला.

ब्रेक लावल्यावर थरथर वाढत नाही, म्हणजे डिस्कही बाजूला. ॲक्सिलरेटर सोडून न्यूट्रलमध्ये ७०वरून ६०ला येऊ दिली तरी तितकीच. इंजिन आणि क्लचही बाजूला.

फोनमध्ये कंपनं मोजायचं फुकटचं ॲप घातलं. रबरबँडनं फोन डॅशबोर्डला बांधला आहे. थोरली म्हणते, गाडीला ईसीजी लावलाय.

१ नोव्हेंबर

आज लक्ष्मीपूजन. शिवाय शहरात एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं काळ्या दिनाची फेरी. बेळगावात राहणाऱ्याला आज गाडी का काढायची नाही हे सांगावं लागत नाही. पणत्या लावल्या, बोनेट पुसलं.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीजेला बहिणीकडं निपाणीला. जाताना हायवेवर ॲपचे आकडे (सेकंदाला किती कंपनं) घेतले, थोरली वाचत होती, मी चालवत होतो.

६५ला : ८.६
७०ला : ९.२
७५ला : ९.९

हिशोबाशी दशांशापर्यंत जुळलं. वेग वाढला तशी कंपनं वाढली, म्हणजे फिरणारं चाकच हलवतंय. बॅलन्सिंगच्या मशीननं शून्य दाखवलं तरी. बहिणीच्या दारात हे सगळं तिच्या नवऱ्याला सांगत बसलो. ओवाळणीचं ताट घेऊन ती उभीच.

१० नोव्हेंबर, रविवार

पुढची चाकं मागं, मागची पुढं. दुसरं काहीही बदललं नाही. काकती-होनगा.

स्टेअरिंग शांत! आणि सीटखाली ७०ला हुबेहूब तीच थरथर. दुखणं चाकाबरोबर मागं गेलं. या एका तासाच्या कामाला एक पैसा लागला नाही आणि हेच पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मी आधी डॅम्पर विकत आणला.

१२ नोव्हेंबर

दिवसभर उद्यमबागेतल्या कारखान्यात डायल गेज आणि मायक्रोमीटर घेऊन दुसऱ्यांचे पार्ट नापास करायचे ही माझी नोकरी. आज साहेबांना विचारून डायल आणि मॅग्नेटिक स्टँड घरी आणला. मागचा एक्सल घोड्यांवर (गाडी उचलून ठेवायच्या लोखंडी स्टँडवर) घेतला, चाक हातानं सावकाश फिरवलं.

आता मागं असलेलं डावं चाक एका फेऱ्यात किती वर-खाली होतं ते : रिमच्या कडेला ०.५ मिमी. चांगली आहे. टायरच्या मधल्या पट्टीवर : २.९ मिमी. तीनदा मोजलं. बाकी तिन्ही टायर ०.८ ते १.२मध्ये. दीडच्या वर गेलं की मी तरी नापास करतो.

म्हणजे हा टायर गोल नाही. एका जागी बसका आहे, तीन महिने शेडमध्ये त्याच भागावर गाडीचं वजन होतं. बॅलन्सिंगचं मशीन फक्त वजन कुठं जास्त आहे ते सांगतं. लंबगोल चाकाचंही वजन चारी बाजूंना सारखं करता येतं, पण रस्त्यावर ते उड्या मारायचं सोडत नाही. हे मला पार्टच्या बाबतीत रोज कळतं, स्वतःच्या गाडीत कळायला डायल लावावा लागला.

साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे : ३११५. म्हणजे २०१५चा एकतिसावा आठवडा. नक्षी अजून सहा मिमी शिल्लक, म्हणून कधी संशय आला नाही. बारीक भेगा आहेत. स्टेपनी त्याहून जुनी, तिच्याबद्दल आज बोलायला नको.

१७ नोव्हेंबर

दोन नवे टायर, पुढं. बसवून घेतल्यावर दुकानातच डायल लावला तेव्हा पोरं जमली. ०.७ आणि ०.९. मालक म्हणाला, "साहेब, एवढं कोण बघत नाही." त्याला म्हटलं, मला पगारच याचा मिळतो.

होनग्यापर्यंत ९०नं गेलो. काही नाही. ऊसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यात, त्यामुळं त्याहून जास्त चालवायची सोयही नाही. एका ट्रॉलीमागं वीस मिनिटं, त्यातही बरं वाटलं.

वहीत "काम संपलं" असं लिहून खाली रेघ मारली होती. ती आता खोडलेली आहे, कारण खाली वाचा.

१ डिसेंबर, रविवार

चोर्ला घाटाकडं निघालो होतो, बाबा शेजारी. जांबोटी सोडल्यावर, वेग पन्नास, रस्त्याची कड तुटली होती तिथं डावं चाक खाली उतरून वर आलं.

स्टेअरिंग हातातून सुटलं म्हणणं बरोबर नाही, त्यानं हात सोडवून घेतले. दोन्ही बाजूंना मूठभर, इतकं भराभर की स्टेअरिंगची दांडी दिसायचीच बंद झाली. डॅशबोर्डवरचा गणपती पडला. बोनेट डुलत होतं. घट्ट धरू नये, ब्रेकवर उभं राहू नये, ॲक्सिलरेटर सोडून वेग पडू द्यावा हे माहीत होतं; तरी अंगठे आत राहिले आणि डाव्या अंगठ्याला दांडीचा फटका बसला. तिशीच्या खाली आल्यावर थांबलं, जणू काही झालंच नाही.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे ताक नव्हे."

बरोबर बोलले. महिनाभर मी दोन वेगवेगळ्या थरथरींना एकच समजत होतो. पहिली चाकाची, ती गेली. दुसरी ही, २० ऑक्टोबरच्या नोंदीतच आहे, शेवटच्या दोन ओळींत. नवा डॅम्पर टाकल्यावर ती दिसायची बंद झाली आणि मी ती बरी झाली असं धरलं.

४ डिसेंबर

डॅम्पर काढला. मामा म्हणाले, येड लागलंय काय. मोकळ्या रस्त्यावर, सकाळी सहाला, ५०च्या वर जायचं नाही असं ठरवून किणयेपर्यंत.

आता तर खड्डाही लागत नाही. गतिरोधकाचा पांढरा पट्टा पुरतो. ४२ला सुरू, ५०ला सुरू. ॲपचे आकडे : ४२ला ७.१, ५०ला ७.० आणि ७.२.

वेग बदलला तरी कंपनं तिथंच. चाक ४२ला सेकंदाला साडेपाच वेळा फिरतं आणि ५०ला साडेसहा-पावणेसात वेळा, त्याच्याशी याचा संबंध नाही. ही थरथर चाक बाहेरून ढकलत नाही, पुढचा एक्सलच स्वतःच्या ठेक्यात नाचतोय. धक्का फक्त सुरुवात करून देतो. अख्खा एक्सल असला की दोन्ही चाकं एका टाय रॉडनं एकमेकांना बांधलेली असतात. डावं चाक लटपटलं की उजवं उत्तर देतं, ते परत डाव्याला, आणि मध्ये कुठं सैल जागा असली की भांडण मिटत नाही.

ती सैल जागा शोधायची. डॅम्पर रविवारपर्यंत बाहेरच ठेवतोय, म्हणजे मला मोह होणार नाही. गाडी घरी.

८ डिसेंबर, रविवार

मामांच्या गॅरेजमध्ये, गाडीखाली उतरून काम करायच्या शेवटच्या खड्ड्यावर. दोन्ही पुढची चाकं वर.

आधी टाय रॉड आणि ड्रॅग लिंक (स्टेअरिंग बॉक्सकडून चाकांना वळवणारा दांडा) : मी चाक डावी-उजवीकडं झटकायचं, मामांनी जॉइंटवर बोट ठेवायचं. चारही घट्ट. पाट्यांचे बुश : ठीक. स्टेअरिंग बॉक्समध्ये थोडा प्ले, वयाच्या मानानं चालेल.

मग डावं चाक वर-खाली धरून हलवलं. खुट्. हाताला कळेल इतकंच. लेथवाल्याचं व्हील बेअरिंग आठवलं. थोरलीला आत बसवून ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं. ब्रेक दाबला की हब आणि नकल (चाकाला धरून त्याच्यासकट वळणारा भाग) एकमेकांना घट्ट होतात. व्हील बेअरिंग सैल असेल तर खुट् जाते. गेली नाही. मग राहिली किंग पिन, म्हणजे नकल जिच्यावर वळते ती खुंटी.

ब्रेक कॅलिपर लोखंडी तारेनं पाट्याला टांगला, होजला ताण नको. टाय रॉडचा नट सोडून जॉइंटच्या बाजूला दोन हातोडे एकदम मारले की तो सुटतो; आट्यांवर मारायचं नाही, हे मामांनी मला विसाव्यांदा सांगितलं. नकलच्या मागचे आठ बोल्ट काढून सील मोकळं केलं. मग नकलच्या टोकाला काटा अडकवून ओढायचा : नकल फिरायला सुरुवात होते तेव्हा किती भार लागतो ते बघायचं. या गाडीला हा आकडा एक ते १.८ किलो हवा.

काट्याचं रामायण. मामांकडं गावाकडून आलेला रताळी मोजायचा काटा होता, पन्नास किलोचा, त्यावर एक किलो म्हणजे काटा अंग झटकल्यासारखा हलतो एवढंच. शेवटी बायकोचा बॅगा मोजायचा डिजिटल काटा मागवला. केकच्या काट्यानंतर हा दुसरा. तिनं देताना काही विचारलं नाही, ते जास्त लागलं.

उजवा : १.४ किलो.
डावा : ३०० ग्रॅम.

मामांनी काटा माझ्या हातातून घेऊन स्वतः ओढला. मग काटा खाली ठेवला आणि चहा सांगितला.

डावीकडचे वरचे चार आणि खालचे चार बोल्ट काढले. वरच्या शिमा (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) एका डबीत, खालच्या दुसऱ्या डबीत, डब्यांवर खडूनं लिहून. वरचं बेअरिंग बरं. खालचं हातातच पडलं. ग्रीस नव्हतं, दुधाळ चहासारखा काला होता, बोटाला लावून चोळला तर पाणी सुटलं आणि गंजाची रेव लागली. कप (बेअरिंगची बाहेरची कडी) पुसून उन्हात धरला : रोलर जिथं सरळ रस्त्यावर बसून असतात तिथंच, एकेका रोलरच्या जागी एकेक खाच. नखानं मोजता येतात. म्हणून स्टेअरिंग मध्यावर नेलं की किंचित अडकल्यासारखं व्हायचं; ते मला चांगलं लक्षण वाटायचं, "स्वतःहून सरळ होतं."

मागच्या सीलचा ओठ खालच्या बाजूला फाटलेला. जूनचा ओढा तिथून आत गेला आणि पावसाळाभर आतच राहिला.

"मामा, डॅम्परनं हे गेलं नसतं."
"गेलं न्हाई, पर झाकलं की," मामा म्हणाले. "गिऱ्हाइकाला झाकलेलं बी चालतंय. तुला चालत न्हाई."

११ डिसेंबर

दोन्ही बाजूंची बेअरिंगं, सीलचा सेट. उजवीकडचा आकडा चांगला असला तरी ओढ्यात दोन्ही हब गेले होते. हायवेला सध्या जायला नको, हलग्याला विधिमंडळाचं अधिवेशन सुरू आहे, वळवावळवी आणि पोलीस. गाडी तशीही घोड्यांवर आहे.

१५ डिसेंबर, रविवार

जुने कप बाहेर काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला. नवे कप मामांनी जुन्याच कपाचा ठोकणी म्हणून उपयोग करून बसवले, कडेकडेनं, आवाज बदलेपर्यंत. तळाला टेकल्यावर ठोक्याचा आवाज भरीव होतो. मी डायलवाला माणूस, पण हे कानानंच.

जुन्याच शिमा घालून डावा : २.१ किलो. जास्त. घट्ट ठेवला तर स्टेअरिंग जड होतं, वळणावरून परत येत नाही, आणि बेअरिंगही लवकर जातं. शिम वाढवली की भार कमी. मायक्रोमीटरनं शोधून वर ०.१ मिमीची एक घातली : १.५. उजवा पहिल्याच झटक्यात १.६. सील घालण्याआधीचे हे आकडे, सील घातल्यावर मोजून उपयोग नाही, रबराची ओढ त्यात येते.

ग्रीस दाबून भरलं. चाकं जमिनीवर घेऊन गाडी थोडी पुढं ढकलली, मग टायरवर खडूची रेघ मारून टेपनं पुढून-मागून अंतर मोजलं. पुढून चार मिमी कमी. राहू दे.

२२ डिसेंबर, रविवार

अधिवेशन संपलं, रस्ते मोकळे. डॅम्पर अजूनही बाहेर. बाबा म्हणाले, मी येतो. आई नको म्हणत होती.

किणयेचा खड्डा, ५०. हाताला एक धक्का, संपला. जांबोटीपुढची तुटलेली कड, आधी ४०, मग ५०, मग ५५. चाक उतरलं, वर आलं, स्टेअरिंग एकदा हललं आणि सरळ झालं. ॲपवर सातच्या जागी काही नाही. अंगठे बाहेर होते, सवय लागली आता.

कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ गाडी थांबवून तिथंच रस्त्याकडेला डॅम्पर परत बसवला, दोन बोल्टांचं काम. बाबांनी पाना धरला. गणपतीला नवा टेप.

येताना हायवेनं फिरून आलो. ९५ला फरशीतून बारीक मुंग्या, स्टेअरिंग शांत. ॲप म्हणतंय ५०. चाक त्या वेगाला १२.६ वेळा फिरतं, त्याची चौपट.

पुढच्या रविवारी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) बघायचे. निप्पलला ग्रीस जातंय का ते आधी. मामांना अजून सांगितलेलं नाही.